पाना कोणाच्या हातीं?

घेणाराची मान खालीं जाऊं न देतां दान कसें करावें, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेंत १९८४ सालीं स्थापन झालेल्या ‘बाइक्स नॉट बॉम्ब्स’ या संस्थेनें एक वाट दाखविली: लोकांनीं दिलेली जुनी सायकल मुलानें दुरुस्त करावयास शिकावें आणि तीच त्याची व्हावी. अशा ठिकाणीं सेवेस जाणाराची परीक्षा कठीण असते. स्पोक आवळून चाकाचा आउट काढण्यास नवख्या मुलाला फार वेळ लागतो. त्याच्या हातचा पाना घेतला कीं काम झटकन होतें. पण मूल याचकच राहतें. आपल्यावांचून कोणाचें तरी अडावें, हा लोभ परोपकारी माणसालाहि सुटत नाहीं. तो आवरून जो स्वस्थ उभा राहिला, त्याचेंच दान पुरें झालें, असें आम्ही समजतों.