हळदीच्या खळ्यावरील मैत्र

चैत्र सरून वैशाख लागताना, जेव्हा शाळांना सुट्या लागतात आणि हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाभोवतीच्या माळरानावरचा तापलेला दगड पाऊल ठरू देत नाही, त्या दिवसांत या भागातील हळदीच्या खळ्यांवर उजाडण्यापूर्वीच माणसे जमू लागतात. खणलेल्या कंदांतून जेठे गड्डे बेण्यासाठी निराळे काढायचे, हळकुंडे कुकरमध्ये वाफेवर शिजवायची, दहापंधरा दिवस उन्हात पसरून दिवसातून अनेकदा उलथायची आणि मग पॉलिशच्या पिंपात घालायची, असा हा व्यवहार असून त्यात सुटीवर आलेली सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली आईबापांबरोबर मजुरीला उभी असतात.

मला सांगायचे आहे ते या मुलांच्या परस्पर ओळखीविषयी. शाळेत ती एकमेकांना गुणांवरून ओळखतात आणि पुढे बघण्याच्या कार्यक्रमात मुलीची ओळख चालून दाखवण्यावरून व उंचीवरून ठरते. परंतु खळ्यावर कोण स्वतःची पाटी रिती झाल्यावर दुसऱ्याच्या पाटीला हात लावतो, कोण दुपारी तांब्यातले पाणी आधी म्हातारीला देतो, मुकादम रागावला असता कोण गप्प राहतो आणि कोण खरे बोलतो, हे मुलगा-मुलगी दोघांनाही रोज दिसते. श्रमातून झालेली अशी पारख जन्माच्या जोडीदाराविषयीसुद्धा आपल्याकडे क्वचितच कोणाच्या वाट्याला येते.

आणि तरीही दोघे सावलीत शेजारी बसून भाकर-ठेचा खाऊ लागली की गावाची नजर बदलते. भाऊबहीण आणि लफडे या दोहोंमध्ये आपल्या बोलीत जागाच उरलेली नाही. ज्ञानेश्वरांनी पसायदानात मागितलेले मैत्र आपण कीर्तनात ऐकतो, पण खळ्यावर त्याची परवानगी देत नाही. याच नागनाथाच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबा खेचरांनी, देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव, असे नामदेवांना सुनावल्याची कथा आहे. ती भक्तिभावाने ऐकणाऱ्या माणसांना दोन पोरांच्या बोलण्यात तेवढे पावित्र्य दिसू नये, याचे मला मनापासून दुःख होते.

गावाच्या या नजरेतून येणारे बदनामीचे भय पुढे बंदोबस्ताचे रूप घेते, आणि बंदोबस्त म्हणजे मुलीचे लग्न. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीसाठी अठरा आणि मुलासाठी एकवीस वर्षे ठरवलेली असतानाही, जी हळद ती उन्हात वाळवते तीच अठरा भरण्याआधी तिच्या अंगाला लागण्याचे प्रसंग आजही घडतात. शिवाय मुलाची मजुरी त्याच्या खिशात जाते, तिची मात्र वडिलांच्या हातात मोजली जाते. कमाईवर जिला हक्क नाही, तिला आवडीनिवडीवर तरी कोण हक्क देणार?

एका खळ्यावरचा शेवटचा दिवस मला आठवतो. पोती वसमतच्या बाजारात जायची होती. हिशेब चालू असताना एका मुलीने, सर्वांसमक्ष आणि आवाज न चढवता, अकरावीच्या प्रवेशाचे पैसे माझ्या मजुरीतून बाजूला ठेवा, बाबा, असे सांगितले. वडिलांनी काही क्षण नोटांकडे पाहिले आणि त्यांतल्या काही निराळ्या घडी करून तिच्या हातावर ठेवल्या. पलीकडे तिच्यासोबत खळ्यावर राबलेला एक मुलगा पोत्याचे तोंड शिवत खालीच पाहत होता. सुतळीची गाठ मात्र त्याने दोनदा सोडून पुन्हा बांधली.