परक्या आनंदाचा सूर

दुःखित मनुष्याच्या भोंवतीं जगाचा आनंदकल्लोळ चालूच राहतो, ही गोष्ट प्रत्येकाच्या अनुभवाची आहे. पण त्या वेळीं आपल्याला येणारा राग नेमका कोणावर असतो, याचा विचार आपण क्वचितच करतों. माझी आई गेली त्या संध्याकाळीं शेजारच्या आळींत लग्नाचा बँड वाजत होता. मला त्या वाजविणाऱ्यांचा विलक्षण संताप आला. वस्तुतः त्यांना आमच्या घरची वार्ताहि नव्हती, आणि असती तरी मुहूर्त कांहीं टळणार नव्हता. त्या जुन्या संतापाची आठवण मला 'योइदोरे तेन्शी', म्हणजे 'मद्यपी देवदूत', हा १९४८ सालचा जपानी बोलपट पाहतांना झाली.

दिग्दर्शक अकिरा कुरोसावा. संगीत फुमिओ हायासाका याचें. युद्धांत होरपळलेलें टोकियो, मध्यभागीं घाणीनें भरलेलें डबकें, भोंवतीं काळा बाजार. या बाजारावर हुकमत गाजविणारा तरुण गुंड मात्सुनागा क्षयानें पोखरला आहे. त्याची सद्दी संपते. ज्या दुकानांतून तो आजवर फूल फुकट उचलीत असे, तेथेंहि त्याच्याकडे पैसे मागितले जातात. असा तो हताशपणें बाजारांतून भटकत असतां कर्ण्यांतून 'कुकू वॉल्ट्झ' ऐकूं येतो. योनासन नांवाच्या स्वीडिश संगीतकाराची, पक्ष्याच्या सादेवर बेतलेली ही नाचाची हलकीफुलकी चाल. हा योग कल्पनेंतून सुचलेला नव्हता. वडिलांच्या मृत्यूची वार्ता कळल्यावर कुरोसावा एकटाच शहराच्या गर्दींत हिंडत होता. त्या वेळीं कर्ण्यावर हीच चाल लागली होती, आणि तिच्या उल्हासानें त्याचा शोक असह्य झाला. त्यानें हें हायासाकाला सांगितलें, व त्यानें तात्काळ मान्य केलें. स्वतः समर्थ रचनाकार असूनहि ऐन मर्मस्थानीं त्यानें आपली लेखणी खालीं ठेवली आणि दुसऱ्याची एक बाजारू चाल तेथें वाजूं दिली.

आतां नीतीचा प्रश्न असा. बापड्याची अशी दैना चालली असतां त्याच्या कानांवर हा खेळकर सूर आदळविणें, हें कलावंताचें क्रौर्य नव्हे काय? संगीतानें दुःखितास निदान सोबत तरी द्यावी, अशी आपली अपेक्षा असते. आपल्या साहित्यशास्त्रालाहि रसविरोधाचा प्रश्न परिचित आहे. आनंदवर्धनानें 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतांत त्याचा ऊहापोह केला असून, विरोधी रस अंगभूत होऊन आला तर तो मुख्य रसाचें पोषणच करितो, असें त्याचें म्हणणें आहे. रणांगणावर पडलेल्या वीराचा तुटलेला हात पाहून त्याच्या स्त्रियांना त्या हाताच्या पूर्वींच्या शृंगारलीला आठवतात. तेथें शृंगार करुणाला अधिकच गडद करितो. हें उत्तर मार्मिक आहे; तथापि येथें तें पुरें पडत नाहीं. त्या स्त्रियांची आठवण त्यांची स्वतःची होती. मात्सुनागाच्या कानीं पडणारा आनंद त्याचा नाहीं, त्याच्या शत्रूचाहि नाहीं. कर्ण्याला कान नसतात, एवढेंच.

माझ्या मतें क्रौर्याचा आरोप येथें टिकत नाहीं. तो आपल्या नेहमींच्या करुण पार्श्वसंगीतावरच अधिक लागू पडेल. पात्राच्या डोळ्यांत पाणी येतांच व्हायोलिनें रडूं लागतात, आणि आपण फार सहृदय असल्याचा प्रत्यय प्रेक्षकाला विनासायास मिळतो. ही सहानुभूति दुःखिताच्या नांवानें निघते व आपल्याच पदरांत पडते. हायासाकानें ती सोय काढून घेतली. त्या बाजारांत मात्सुनागाची कींव करणारें कोणी नाहीं. ती करावयाची असेल तर प्रेक्षकानें स्वतः करावी, आणि न केली तर तो कर्ण्याच्याच पंक्तीस बसला.

तरीहि एक शंका मला छळते. ही युक्ति पुढें अनेकांच्या हातीं गेली, आणि हत्येच्या दृश्यामागें गोड गाणें लावणें हा चित्रपटांचा एक संकेतच होऊन बसला. तेथें ती मला दुःखाची थट्टा वाटते. मग कुरोसावानें तो सूर स्वतः सोसला होता म्हणून त्याला मुभा, व इतरांना नाहीं, असें म्हणावयाचें काय? प्रेक्षकाला तर केवळ सूर ऐकूं येतो. त्यामागचें सोसणें ऐकूं येत नाहीं. कदाचित् भेद असा असेल कीं, 'मद्यपी देवदूतां'त आपली नजर त्या भटकणाऱ्या मनुष्यावरून हलत नाहीं, आणि नकली कृतींत ती युक्तीच्या चातुर्याकडे वळते. पण या उत्तरानें माझेंहि पुरतें समाधान झालेलें नाहीं.

१९५२ सालच्या 'इकिरू'मध्यें हाच प्रयोग निराळें फळ देतो. कर्करोगानें मरणाच्या दारीं पोहोंचलेला कारकुनी पेशाचा वातानाबे, उरलेल्या दिवसांत काय करावें हें एकाएकीं उमगून, उपाहारगृहाचा जिना घाईनें उतरतो. त्याच वेळीं जिना चढून येणाऱ्या मैत्रिणीसाठीं वरची तरुण मंडळी वाढदिवसाचें गाणें म्हणत असतात. त्यांना वातानाबे दिसतहि नाहीं. सूर तितकाच अजाण आहे, पण येथें तो आशीर्वादासारखा लागतो.

याच बोलपटाच्या उत्तरार्धांत वातानाबेच्या मृत्यूनंतर जमलेल्या मंडळींचें दीर्घ दृश्य आहे. त्यासाठीं हायासाकानें संगीत रचलें होतें. तें दृश्याशीं कांहीं केल्या जुळेना, म्हणून कुरोसावानें तें सर्वच्या सर्व काढून टाकलें. १९५५ मध्यें, वयाच्या ४१ व्या वर्षीं, हायासाका मात्सुनागाच्याच रोगानें गेला. पुढें कुरोसावानें त्या दिवसाची हकीकत सांगितली आहे: हायासाका फार निराश झाला, पण एक शब्दहि न बोलतां बसून राहिला, आणि मग दिवसभर आनंदी दिसण्याचा प्रयत्न करीत होता.