बाळाचे हात आणि आपली घाई

लहान मुलाच्या हातीं कोणतें खेळणें द्यावें, हा प्रश्न दुकानांत उभें राहून पांच मिनिटांत सोडवावयाचा आहे, त्यासाठीं निबंध कशाला, असें कित्येकांस वाटेल. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतून मोक्षाची चर्चा आढळते, खुळखुळ्याची आढळत नाहीं, हेंहि खरें. परंतु जी निवड एकानें करावयाची आणि जिचा परिणाम दुसऱ्यानें भोगावयाचा, त्यांतहि तो दुसरा ‘मला हें नको’ असें म्हणण्यास असमर्थ, ती निवड नीतीच्या कक्षेंत आपोआप येते. सातारा-सांगलीकडील सुशिक्षित घरांतून अलीकडे मुलांच्या बोटांस वळण लावणाऱ्या खेळण्यांची आस्थेनें चौकशी होऊं लागली आहे. पूर्वीं बारशाच्या अहेरांत जें येईल तें मुलाचें खेळणें. आतां आईबाप दहा वस्तु पारखून एक घेतात. ही आस्था स्तुत्यच आहे. मात्र तिच्या पोटीं दोन प्रश्न दडलेले आहेत. बोटांना खरोखर उपयोगी पडेल असें खेळणें कोणतें, हा पहिला. आणि तें आपण कोणासाठीं घेतों, मुलासाठीं कीं स्वतःसाठीं, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर दुसऱ्यावांचून पुरें होत नाहीं, असें माझें मत आहे.

प्रथम निसर्गाचा क्रम पाहूं. नुकत्याच जन्मलेल्या बालकाच्या तळहाताला आपलें बोट लावलें कीं तें मूठ मिटून बोट घट्ट धरून ठेवतें. आजीला त्यांत माया दिसते. शरीरशास्त्र सांगतें कीं ही इच्छेवांचून घडणारी क्रिया आहे, आणि चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास ती मावळते. ती मावळूं लागते तेव्हांच बाळ आपल्या इच्छेनें वस्तूकडे हात नेऊं लागतें. सहा महिन्यांचें झालें कीं या हातांतील वस्तु त्या हातांत देतें. नऊदहा महिन्यांचें झालें कीं अंगठा व तर्जनी यांची चिमट करून जमिनीवरचा बारीकसा कण उचलतें. मौज अशी कीं, धरणें आधीं येतें आणि सोडणें मागाहून. हातांतील वस्तु हव्या त्या जागीं अलगद सोडण्याची कला वर्षाच्या सुमारास साधूं लागते. पुढें पंधराव्या महिन्याच्या आसपास एका ठोकळ्यावर दुसरा राहतो, दोन वर्षांच्या मुलाचा मनोरा सहा ठोकळ्यांपर्यंत चढतो, तीन वर्षांच्या मुलाचा नवांपर्यंत. हीं वयें सर्वसाधारण आहेत. एखादें मूल थोडें पुढें, एखादें थोडें मागें असावयाचेंच.

हाताच्या आंतील रचनाहि हीच सबुरी शिकविते. मनगटांत आठ लहान हाडें असतात. जन्माच्या वेळीं तीं सर्व कूर्चेचींच असतात, आणि पहिलें वर्ष संपतें तेव्हां त्यांपैकीं सामान्यतः दोनांतच हाडाचा कठिणपणा येऊं लागलेला असतो. अशा कोवळ्या हातांत पेन्सिल कोंबून ‘श्री’ गिरवून घेण्याची उतावीळ ज्यांना होते, त्यांनीं पेरणीच्या दुसऱ्या दिवशीं कणसें शोधणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट मनाशीं रचून पाहावी.

या क्रमावरून खेळण्याची एक कसोटी सहज हातीं येते. जें खेळणें स्वतः थोडें करतें आणि मुलास पुष्कळ करूं देतें, तें चांगलें. कळ दाबतांच धांवणारी, गाणारी व दिवे उजळणारी आगगाडी पाहा. तिच्यापुढें मूल डोळे विस्फारून बसतें. येथें खेळतें तें खेळणें, आणि मूल उरतें प्रेक्षक! हातांतील दूरध्वनीच्या चकचकीत पडद्याचें तर बोलावयासच नको. त्यावर बोट फिरतें खरें, परंतु त्या बोटाला जडपणा, खडबडीतपणा, कड, कोपरा यांपैकीं कांहींच भेटत नाहीं. एक वर्षाच्या आंतील मुलास पडदा मुळींच दाखवूं नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं दिला तो उगीच नव्हे. उलट एकांत एक बसणाऱ्या चार वाट्या, झाकणाचा रिकामा डबा, कणकेचा गोळा, कापडाचा चेंडू, दोन अंगुळांचे लांकडी ठोकळे यांत स्वतःचा असा कांहींच पराक्रम नाहीं. म्हणूनच मुलाच्या पराक्रमाला तेथें जागा आहे.

ही कसोटी नवी नाहीं. जर्मनींतील फ्रोबेलनें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बालकांसाठीं लोंकरीचे चेंडू आणि लांकडाचे गोल, घन व दंडगोल यांची योजना केली. मारिया माँटेसोरीबाईंनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोममधील गरीब वस्तींत बालगृह उघडलें. तेथें चिमटींत धरावयाच्या मुठी बसविलेल्या दट्ट्या आणि गुंड्या लावण्याच्या चौकटी मुलांच्या हातीं आल्या. आपल्याकडे ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें, तेव्हां महागडीं साधनें खेड्याला परवडणार नाहींत हें ओळखून खडे, बिया, पानें, शिंपले अशा भोंवतालच्या वस्तूंसच शिक्षणाच्या पदवीस चढविलें. आमच्या भागांत तर ऋतूच खेळणीं घेऊन येतात. आषाढांत बेंदूर आला कीं मातीचे बैल घरांत येतात, आणि उरलेल्या चिखलाचा स्वतःचा बैल करावयास तीन वर्षांचें पोरहि बसतें. त्या बैलाला पाय चारच असतील अशी हमी नाहीं. परंतु तो वळतांना दहाहि बोटें कामास लागलेलीं असतात. दिवाळींत थोरला भाऊ अंगणांत किल्ला रचूं लागला कीं धाकट्याच्या वांट्यास माती थापण्याचें काम येतें, आणि तेवढ्यानें तो गडकरी होतो. यांतील एकाहि वस्तूवर किंमत छापलेली नसते.

येथें एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे, कारण स्वातंत्र्य देणाऱ्यावर राखणीची जबाबदारी येते. पहिल्या दीडदोन वर्षांत हाताला जें सांपडतें तें तोंडांत जातें. म्हणून तीन वर्षांखालील मुलांस चिंचोके, सागरगोटे, बारीक मणी यांनीं एकटें खेळूं देऊं नये. आमच्याकडे घरोघर असणारा शेंगदाणाहि श्वासनलिकेंत अडकून प्राणावर बेततो. खेळण्यांत घालावयाची चपटी गोल बॅटरी तर त्याहून वाईट: ती गिळली गेल्यास दोन तासांच्या आंतहि अन्ननलिका आंतून भाजून निघूं शकते. रंगांतील शिशाचें विष हळूहळू मेंदूस बाधतें. भारत सरकारनें २०२० सालीं खेळण्यांच्या गुणवत्तेसंबंधीं हुकूम काढला व १ जानेवारी २०२१ पासून दुकानांतील खेळण्यांवर मानक संस्थेचें चिन्ह आवश्यक ठरविलें. कारागिरांच्या नोंदलेल्या हस्तकलेस मात्र त्यांतून सूट आहे. तेव्हां दुकानांतील खेळण्यावर चिन्ह पाहावें, आणि जत्रेंतील रंगीत लांकडी खेळणें घेतांना रंग कशाचा आहे हें विचारावें.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. एखादा विचारी वाचक म्हणेल, “मुलाचीं बोटें तयार व्हावींत म्हणून तुम्ही खेळणें देणार, मग तो खेळ कसला? ती गोड वेष्टणांत दिलेली शिकवणीच झाली.” हा आक्षेप हंसून उडवून देण्यासारखा नाहीं. कौशल्य हें स्वतः नीतिमान् किंवा अनीतिमान् नसतें. मिरजेस तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी लावणाऱ्या कारागिराच्या बोटांत जी सूक्ष्मता आहे, ती पाहून कोणाहि बापास हेवा वाटेल. शस्त्रांचें काम करणाऱ्या शिकलगार घराण्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हीं वाद्यें घडविण्यास आरंभ केला, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु बोटांची सूक्ष्मता खिसेकापूजवळहि असते! त्याहून दुःखाची गोष्ट अशी कीं, लहान मुलांचीं बोटें चपळ असतात, याच सबबीवर आपल्या देशांत त्यांना गालिच्याच्या मागांपुढें आणि विड्यांच्या सुपांपुढें वर्षानुवर्षें बसविलें गेलें. १९८६ चा कायदा झाला, २०१६ सालीं तो अधिक कडक होऊन चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्याची मनाई झाली, घरच्या धंद्यांतील शाळेबाहेरच्या मदतीसारखे अपवाद तेवढे राहिले. गांठ मारणाऱ्या त्या मुलाच्या बोटांची हालचाल आणि माळ ओंवणाऱ्या आपल्या मुलाची हालचाल यांत शरीरदृष्ट्या फारसें अंतर नाहीं. मग एकीस आपण अन्याय कां म्हणतों आणि दुसरीस खेळ कां म्हणतों?

अंतर आहे तें थांबण्याच्या अधिकाराचें. खेळणारें मूल माळ अर्धी टाकून उठूं शकतें. मणी ओंवण्याऐवजीं ते मोजूं, उधळूं किंवा वाटींत भरून बाहुलीस वाढूं शकतें. त्याचा मनोरा पडला तर कोणाचें नुकसान होत नाहीं, आणि उभा राहिला तर कोणाचा नफा होत नाहीं. ज्या क्षणीं आपण हा अधिकार काढून घेतों, त्या क्षणीं उत्तमांतलें उत्तम खेळणेंहि वेठ होतें. शेजारच्या मुलाचा मनोरा सहांचा झाला, आपल्याचा चारावरच ढांसळतो, म्हणून त्यास पुन्हा पुन्हा बसविणारे आईबाप मजूर राबवीत नाहींत हें खरें. पण मुलाच्या हातून आपल्या अभिमानाचें काम करून घेतात. म्हणून उत्तर असें: बोटांना हितकर काय हें पाहून निवड आपण करावी, परंतु एकदां खेळणें मुलाच्या हातीं गेलें कीं त्याचें काय करावयाचें, हें ठरविण्याचा हक्क त्याचा. मोठ्यांचा हेतु निवडीपुरता. पुढील हेतु मुलाचा.

हें म्हणणें सोपें, पाळणें कठीण. कारण आड येते ती आपली घाई. कित्येक घरांतून असा चमत्कार दिसतो: गुंड्या लावण्याचें खेळणें हौसेनें विकत आणलेलें असतें, आणि बाहेर जातेवेळीं मूल स्वतःच्या सदऱ्याची गुंडी लावूं लागलें कीं “उशीर होतोय” म्हणून आई किंवा बाप त्याचे हात बाजूस सारून गुंडी लावून टाकतो. पळीनें पाणी ओतण्याचा संच कपाटांत, आणि जेवतांना पाणी सांडेल म्हणून पेला मुलाच्या हातांतून दूर! दोघेंहि नोकरी करीत असतील तर सकाळची धांदल खरीच असते, आणि तिच्याबद्दल कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु दिवसांतील एखादी तरी गुंडी, एखादा तरी घांस, चपलेचा एखादा तरी बंद मुलाच्या वेळेनें होऊं द्यावा. तेवढा वेळ हात मागें बांधून उभें राहणें हें मोठ्यांच्या संयमाचें काम आहे, आणि तें कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं.

याहूनहि खोल अशी एक विसंगति आपल्या मध्यमवर्गांत आहे. पांच वर्षांपर्यंत आपण बोटांच्या कौशल्याचें कौतुक करतों. दहाव्या वर्षीं त्याच मुलानें हातोडी, सुई किंवा विळी हातीं घेतली कीं “अभ्यास कर” म्हणतों. आणि विसाव्या वर्षीं हातानें पोट भरणाऱ्या माणसास अरेतुरे करावयास तें मूल आपल्याकडेच पाहून शिकतें. याच मुलखांत कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ सालीं ती साताऱ्यास आणली, आणि हातानें श्रम करून शिकणें यांत कमीपणा नसून मान आहे हें विद्यार्थ्यांस कृतीनें पटविलें. सांगलीस १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणणारे विष्णुदास भावे लांकडाच्या बाहुल्याहि स्वतः घडवीत. ज्या बुद्धीला नाटक सुचलें तिला पटाशी धरण्याची लाज वाटली नाहीं. हात हे बुद्धीचे नोकर नसून सोबती आहेत, ही जाण घरांत नसेल तर ठोकळ्यांचा मनोरा हा केवळ शाळाप्रवेशाच्या शिडीची पहिली पायरी ठरतो, आणि पायरी चढून झाली कीं माणूस तिच्याकडे पाठ फिरवितो.

म्हणून खेळणें घेतांना आईबापांनीं तीन गोष्टी स्वतःस विचाराव्या. हें निर्धास्तपणें तोंडांत जाऊं शकेल काय? यांत माझ्या मुलास करावयास कांहीं उरलें आहे काय? आणि तें तें करीत असतां मी वाट पाहूं शकेन काय? पहिल्या दोहोंचीं उत्तरें वस्तूकडे पाहून मिळतात. तिसऱ्याचें ज्याचें त्यानेंच द्यावयाचें असतें. तें उत्तर होकारार्थी असेल, तर वाट्या आणि कणीक एवढ्यावरहि मुलाचीं बोटें शहाणीं होतील. नकारार्थी असेल, तर साऱ्या दुकानांतील खेळणीं घरांत आणूनहि त्या बोटांना काम मिळणार नाहीं.