शंकासमाधान : सहाशे सहासष्ट, तेरा आणि सत्तर वेळा सात

या वेळच्या साऱ्या शंका बडोद्याच्या गोरव्याहून एकाच लिफाफ्यातून आल्या आहेत. दोन-तीन पिढ्या बडोद्यात काढलेली मराठी कुटुंबं, काही ख्रिस्ती, काही हिंदू, रविवारी दुपारी एकत्र बसतात, बायबल वाचतात आणि मग भांडतात, असं पत्रावरून दिसतं. सगळ्या शंका आकड्यांच्याच असल्यामुळे अंकही एकाच विषयाला दिला.

शंका : मुलाने नवी स्कूटर घेतली. नंबर आला जीजे-०६, पुढे दोन अक्षरं आणि शेवटी ०६६६. माझी आई म्हणते, हा श्वापदाचा आकडा, गाडी दारात नको. ती मागे बसायलाही तयार नाही. गाडी विकावी का?

समाधान : विकू नका. जीजे-०६ तर अख्ख्या बडोद्याच्या कपाळी आहे, तेव्हा एक सहा तुमच्या शेजाऱ्यालाही चुकलेला नाही.

आता आईंच्या भीतीकडे येऊ, कारण ती उगाच आलेली नाही. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायाच्या शेवटी हा आकडा आहे. लिहिणारा तिथे कुणाला घाबरवत नाही. ज्याला बुद्धी आहे त्याने हिशेब करावा, असं तो वाचणाऱ्याला सुचवतो. म्हणजे ते कोडं आहे. त्या काळी हिब्रू आणि ग्रीक लोकांकडे आकड्यांसाठी वेगळी चिन्हं नव्हती, अक्षरांनीच मोजत. त्यामुळे प्रत्येक नावाची एक बेरीज निघे. रोमचा सम्राट नीरो कैसर याचं नाव हिब्रू अक्षरांत मांडलं की नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००. मांडून बघा, ६६६ होतात. इसवी सन ६४मध्ये रोम जळालं आणि त्याचं खापर नीरोने ख्रिस्ती लोकांवर फोडलं. त्या छळाची आठवण असलेल्या माणसांना सम्राटाचं नाव उघड लिहिणं परवडणारं नव्हतं.

नीरोच्या या अर्थाला आणखी एक पुरावा आहे. काही जुन्या हस्तलिखितांत हाच आकडा ६१६ आहे. लॅटिन वळणाने नीरोच्या नावातला शेवटचा नून गाळला की पन्नास कमी होतात आणि बरोबर ६१६ उरतात. दुसऱ्या शतकातल्या इरेनियसला हा पाठ माहीत होता, पण त्याला ती नकलाकाराची चूक वाटली. मला नीरोचा अर्थ पटतो. बहुतेक अभ्यासकही तिकडेच झुकतात, पण सगळे नाहीत, हेही सांगून ठेवतो.

पुढच्या लोकांनी या कोड्याचं काय केलं ते मात्र बघण्यासारखं आहे. ज्याला जो नावडे त्याच्या नावातून ६६६ काढायचे. सोळाव्या शतकात मिखाएल श्टिफेल नावाच्या लूथरपंथी पाळकाने पोप दहावा लिओ याच्या नावातून ते काढले. पुढे कॅथलिक पंथाच्या पिएत्रो बोंगोने लूथरच्या नावातून. श्टिफेल गणितात खरोखर हुशार होता. त्याने बायबलच्या आकड्यांवरून जगबुडीची वेळसुद्धा ठरवली, १९ ऑक्टोबर १५३३, सकाळी आठ. जग बुडालं नाही, श्टिफेलला अटक झाली. नंतर तो निमूटपणे बीजगणिताकडे वळला आणि तिथे त्याने नाव काढलं. आपल्याकडे मिझोराममधल्या काही ख्रिस्ती मंडळींनी आधार कार्ड नाकारलं ते याच आकड्याच्या धसक्याने.

आईंना दोन ओव्या दाखवा. १ राजे, अध्याय १०, ओवी १४ : शलमोनाला एका वर्षात मिळालेलं सोनं ६६६ किक्कार. एज्रा, अध्याय २, ओवी १३ : बाबेलहून परतलेले अदोनिकामचे वंशज ६६६. ते सोनं कुणी परत केलं नाही आणि त्या कुटुंबाला कुणी वेशीबाहेर ठेवलं नाही. एवढं सांगूनही आई मागे बसल्या नाहीत तर हसू नका, त्यांना रिक्षाने न्या. मुलाला मात्र हेल्मेट सक्तीचं करा. रिफायनरी रोडवर मला नंबरप्लेटपेक्षा टँकरची धास्ती जास्त वाटते.

शंका : माझी शाळेतली मैत्रीण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी. तिचं कुटुंब इस्राएलला गेलं. तिच्या नातवाचा तेराव्या वर्षीचा विधी आहे. तेरा हा अशुभ आकडा त्यांनी कसा निवडला? आणि आहेर एकशे एक चालेल का?

समाधान : तेराचा धाक त्यांना नाही. मुलगा तेरा वर्षांचा झाला की धर्माच्या आज्ञा पाळण्याची जबाबदारी त्याची स्वतःची होते, तोच बार मित्सवा. आपल्या मुंजीची आठवण येईल, पण इथे वय ठरलेलं आहे. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायातून यहुदी परंपरेने देवाच्या दयेचे तेरा गुण मोजले आणि बाराव्या शतकात मायमोनिदीझने श्रद्धेची तत्त्वं मांडली तीही तेरा.

तेराची भीती युरोपातल्या ख्रिस्ती लोकांची. शेवटच्या भोजनाला येशू आणि बारा शिष्य मिळून तेरा होते आणि त्यांत दगा देणारा यहुदा होता, एवढ्यावरून ती उभी केली. शुभवर्तमानात कुणी पानं मोजल्याचा उल्लेखही नाही. आपल्या मनात ती लगेच रुजली, कारण तेरावं हा शब्द आपल्या कानाला आधीच जड आहे. खरं तर तेराव्याला घरात गोडाचं होतं आणि सुतक मागे पडतं. तेव्हा त्या दिवसाला आपण उगीच बदनाम केलं असं मला वाटतं.

आहेराबद्दल. एकशे एक दिल्याने कुणी रागावणार नाही. पण त्यांच्या रिवाजात बसेल असं द्यायचं तर अठराच्या पटीत द्या. जीवन या अर्थाच्या हिब्रू शब्दातली दोन अक्षरं, खेत आठ आणि योद दहा, मिळून अठरा होतात. एकशे आठ ही रक्कम कशी वाटते? अठरा सक एकशे आठ, आणि आपल्या जपमाळेलाही परकी नाही.

शंका : आमचं मूळ गाव अलिबागजवळ. आजोबा सांगत, शनवार तेल्यांचे, म्हणजे बेने इस्राएलांचे, पूर्वज जहाज फुटून नवगावला लागले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. ही खरी मोजणी की धर्मग्रंथातला सात?

समाधान : नवगावला त्यांची जुनी दफनभूमी आहे. बुडालेल्यांना तिथेच पुरलं असं बेने इस्राएल समाज मानतो. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७मध्ये समाजाचा इतिहास लिहिला, तो छापला गेला १९३७मध्ये. सात जोडप्यांची कथा त्यातही आहे. पण किनाऱ्यावर उभं राहून कुणी नोंद केलेली नाही, आणि सात हा आकडा बायबल वाचणाऱ्याला फारच ओळखीचा आहे. सातव्या दिवशी देवाने विसावा घेतला, नोहाने शुद्ध पशू सात-सात घेतले, मंदिरातल्या दीपवृक्षाला सात फांद्या होत्या.

त्याहून गंमत म्हणजे सात आणि सात चौदा. कोकणातली दुसरी दंतकथा आठवा : समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेतं परशुरामाने जिवंत केली आणि त्यांपासून चित्पावन झाले. चित्पावनांची गोत्रंही चौदाच. दोन्ही कथांचं साम्य पुष्कळांनी टिपलं आहे. कुणी कुणाकडून घेतली याच्या भानगडीत मी पडत नाही. एकाच किनाऱ्यावर शेजारी राहणाऱ्यांच्या आज्या एकमेकींना गोष्टी सांगतातच. मला हे सात मोजणीचे वाटत नाहीत. नव्याने सुरू झालेल्या वंशाला असा पुरा आकडा लागतो.

पण खरा सात शोधायचा तर तो त्यांच्या घाण्यावर सापडेल. या लोकांचे ग्रंथ गेले, हिब्रू गेली, पिढ्यान्‌पिढ्या मराठीत संसार झाला. तरी आठवड्याच्या सातव्या दिवशी, शनिवारी, तेलाचा घाणा बंद राहिला. गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं ते त्यामुळे. दाविद राहाबी नावाच्या बाहेरून आलेल्या यहुद्याने त्यांना ओळखलं कशावरून, तर शनिवारचा विसावा, मुलाची आठव्या दिवशीची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाणं आणि ‘शेमा’ ही प्रार्थना, असं परंपरा सांगते. म्हणजे पुस्तकाशिवाय जे तगलं त्यात सातवा दिवस आणि आठवा दिवस होते. कुणी त्यांना साताचा गूढार्थ शिकवला असेल असं मला वाटत नाही. घाणा थांबवायचा हे आईबापांना बघून कळत होतं.

दहाचंही तसंच. यहुद्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. आधार म्हणून अब्राहाम आठवेल : त्याने सदोम वाचवण्यासाठी देवाशी घासाघीस केली, पन्नासपासून पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस करत दहावर आला आणि थांबला. पण धर्मशास्त्र्यांनी आधार घेतला तो भलताच : मोशेने पाठवलेल्या बारा हेरांपैकी ज्या दहांनी वाईट बातमी आणली, त्यांना ग्रंथात मंडळी म्हटलं आहे, म्हणून दहा म्हणजे मंडळी! १९४८नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. मागे राहिलेल्यांसाठी गुजरातेत अहमदाबादचं १९३४मध्ये बांधलेलं मागेन अब्राहम सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, आहे. समाज आटला की नऊ जण दहाव्याची वाट बघत बसतात. कुणाला शुभ-अशुभ आठवत नाही, फोन कुणाला लावायचा ते आठवतं.

शंका : लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांचे, दिवस चाळीस म्हणतात. मी राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले, शेहेचाळीस भरले. चूक कुणाची?

समाधान : कुणाचीच नाही. मधले सहा रविवार वजा करा. रविवार पुनरुत्थानाचा दिवस, तो उपासात धरत नाहीत. पूर्वेकडच्या चर्चची मोजणी वेगळी आहे.

चाळीस हा तयारीचा काळ. जलप्रलयाचा पाऊस, सीनाय पर्वतावर मोशे, एलियाची होरेबपर्यंतची वाट, निनवेला दिलेली मुदत, रानातला येशूचा उपास, सगळे चाळीस दिवस. बाळंतिणीसाठी लेवीयाच्या बाराव्या अध्यायात मुलगा झाल्यावर सात आणि तेहतीस असे चाळीस दिवस सांगितले आहेत, म्हणूनच नाताळानंतर चाळिसाव्या दिवशी, २ फेब्रुवारीला, बाळ येशूच्या मंदिरार्पणाचा सण येतो. मुलीसाठी मात्र तिथे दुप्पट, ऐंशी. हे मला आवडत नाही, पण लिहिलेलं आहे. आपल्याकडची सव्वा महिना न्हाणारी बाळंतीण हा हिशेब ऐकून चकित होणार नाही.

शंका : मोबाइलवर सारखे ११:११ दिसतात. मुलगी म्हणते, देवदूताचा निरोप आहे.

समाधान : बायबलमध्ये देवदूत निरोप देतात तेव्हा नाव घेऊन बोलतात आणि बहुधा काहीतरी अवघड काम सांगतात. ११:११ला मुलीला झोपायला पाठवा.

शंका : थोरल्या भावाने वडिलांच्या घरातला माझा हिस्सा दाबून ठेवला आहे. दोनदा समेट केला, दोनदा फसवलं. सत्तर वेळा सात म्हणजे चारशे नव्वद वेळा त्याला क्षमा करायची का?

समाधान : चारशे नव्वद मोजणाऱ्याने चारशे एक्याण्णवावी वेळ मनात जपून ठेवलेली असते. भावाला किती वेळा क्षमा करायची, हे येशूला विचारताना पेत्राने सात वेळा म्हटलं तेही थोडं नव्हतं. सत्तर वेळा सात या येशूच्या उत्तरामागे एक जुना आकडा आहे, तो त्या काळच्या ऐकणाऱ्याला लगेच कळला असेल. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाचा वंशज लामेख आपल्या बायकांपुढे बढाई मारतो : काइनाचा सूड सातपट घेतला जाईल, तर माझा सत्याहत्तरपट. सुडाची ती मोजणी येशूने उचलली आणि क्षमेला लावली. काही भाषांतरांत मत्तयाच्या त्या ओवीतही सत्याहत्तरच आहेत. आकडा जितका मोठा, तितकं मोजणं सोडून द्यायचं.

लगेच पुढे दृष्टांत आहे, त्यातही आकडे बघा. एका चाकराला राजाने दहा हजार तालांत माफ केले. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी; सात जन्म राबला तरी फिटणार नाही. तोच चाकर बाहेर आला आणि शंभर दीनारांसाठी सोबत्याची मानगूट धरली. गोरव्याच्या कारखान्यात रोजावर काम केलेल्या कुणालाही हा हिशेब तोंडी करता येईल.

आता तुमचं. क्षमा म्हणजे सूड सोडणं. हिस्सा सोडणं नव्हे. दृष्टांतातल्या राजाने कर्ज किती ते आधी मोजलं होतं, मग माफ केलं. तुम्हाला हिस्सा मनापासून द्यायचाच असेल तर द्या, पण तो दाबला जातोय हे बघूनही गप्प बसण्याला क्षमा म्हणू नका. फसवणाऱ्याला मोकळं रान दिल्याने त्याचंही भलं होत नाही. दोनदा तोंडी समेट झाला आहे, तिसरा नोंदणीकृत वाटणीपत्रावर करा, वकील तुमचा असू द्या. नोटीस द्यावी लागली तर द्या, आणि ती पोस्टाने जाण्याआधी भावाला स्वतः जाऊन सांगा. त्याच्या घरचं आमंत्रण आलं तर जा, जेवा, वहिनींची चौकशी करा. दाव्याची तारीख आणि पुतणीचं लग्न एका दिवशी आलं, तर तारीख पुढे मागता येते.