वाटेची निवड आणि फलाचा हिशेब

एखादा महत्त्वाचा निर्णय घेऊन बराच काळ लोटला म्हणजे मनुष्य मागे वळून पाहतो आणि ‘त्या वेळी दुसरे काही केले असते तर?’ हा प्रश्न त्यास छळू लागतो. या प्रश्नावर अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांची ‘द रोड नॉट टेकन’, म्हणजे ‘न घेतलेली वाट’, ही छोटीशी कविता सर्वत्र प्रसिद्ध आहे. ती १९१५ साली प्रथम छापली गेली.

पानगळीच्या दिवसांत रानातून चाललेल्या एका प्रवाशापुढे दोन वाटा फुटतात. एकीकडे तो दृष्टी पोहोचेल तेथवर पाहतो आणि दुसरीने निघतो. पहिली वाट पुन्हा कधी तरी, असे म्हणतो खरा. पण परत येणे घडणार नाही हेही त्यास कळते. शेवटी तो म्हणतो की, पुढे कधी काळी मी सुस्कारा टाकून सांगेन की कमी रहदारीची वाट मी धरली आणि त्यानेच सारा फरक पडला.

यावरून, मळलेली वाट सोडणाऱ्यासच यश लाभते, असा बोध सहसा काढला जातो. परंतु कविता लक्षपूर्वक वाचली असता तो टिकत नाही. दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच मळलेल्या होत्या आणि त्या सकाळी दोहींवरील पाने सारखीच न तुडवलेली होती, हे त्याच प्रवाशाने आधी सांगितलेले आहे. मग कमी रहदारीची वाट आली कोठून? ती त्याच्या उतारवयातील कथनात येणार आहे. निवडीच्या क्षणी जे कारण नव्हते, ते मनुष्य मागाहून जोडतो.

या कवितेमागील हकीकतही बोलकी आहे. फ्रॉस्ट १९१२ ते १९१५ या काळात इंग्लंडमध्ये राहत असता एडवर्ड थॉमस हे त्यांचे जिवलग स्नेही झाले. दोघे मिळून फिरावयास जात. आणि कोणत्याही वाटेने गेले तरी दुसरीने गेलो असतो तर बरे झाले असते, अशी हळहळ थॉमस यांस वाटे. त्या स्वभावाची ही प्रेमळ थट्टा होती. थॉमस यांनी मात्र ती गंभीरपणे घेतली. मित्राच्या पाठोपाठ अमेरिकेस जावे की सैन्यात भरती व्हावे, असा पेच त्या वेळी त्यांच्यापुढे होता. जुलै १९१५ मध्ये ते सैन्यात दाखल झाले आणि ९ एप्रिल १९१७ रोजी फ्रान्समध्ये आरास येथील लढाईत पडले. त्यांच्या निर्णयात कवितेचा वाटा किती, हे कोण मोजणार? थट्टा करणाऱ्यास पुढले काहीच दिसत नव्हते.

आपल्या परंपरेस हा पेच नवा नाही. आपण जिंकावे की त्यांनी आपणांस जिंकावे, यांत श्रेयस्कर काय ते कळत नाही, असे अर्जुन गीतेच्या दुसऱ्या अध्यायात म्हणतो. आणि सर्व उपदेश झाल्यावर अठराव्या अध्यायात भगवंत त्यास सांगतात की, पूर्ण विचार कर आणि मग इच्छेस येईल तसे कर. निवड त्याचीच राहिली. विजयही मिळाला, तथापि शांतिपर्वाच्या आरंभी युधिष्ठिरास तो विजय पराजयासारखाच वाटतो.

मग कोणतीही वाट धरली तरी सारखेच काय? तसे नव्हे. कवितेतील दोन्ही वाटा निर्दोष आहेत. जेथे एक वाट धर्माची आणि दुसरी अधर्माची असते, तेथे परिणाम अनिश्चित आहे ही सबब चालत नाही. परिणाम आपल्या हाती नसला तरी हेतू, विचार आणि निष्ठा या आपल्या हाती असतात. आणि जाब द्यावयाचा तो त्यांचाच.

आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज अठराव्या शतकात शिंदे-होळकरांच्या फौजांबरोबर नर्मदा ओलांडून आले. त्यांच्या धाडसाची कथा आपण अभिमानाने सांगतो. गावी राहून शेत आणि कुलदैवत सांभाळणाऱ्या भावाची कथा मात्र कोणी सांगत नाही. आज घरातील मुलगा वा मुलगी परदेशी जावे की येथेच राहावे, असे विचारते तेव्हा आपण स्वतःच्या आयुष्याचा दाखला देतो. तो देताना एवढे प्रामाणिकपणे सांगावे की, ‘बाळ, त्या वेळी मलाही पुढचे दिसत नव्हते.’ त्याने वडीलपणास उणेपणा येत नाही. उलट, ज्या आईबापांस आपल्या एखाद्या जुन्या निर्णयाचा दोष अजून सलतो, त्यांचा भार त्याने थोडा हलका होईल. आणि मुलांसही भीती न बाळगता पहिले पाऊल टाकता येईल.