लबाडाला लुबाडून भरलेला कर

कोरियन भाषेत 'सागी' म्हणजे फसवणूक आणि 'गिदोंगदे' म्हणजे धावून जाणारं, फिरतं पथक. या दोन शब्दांमधलं 'गि' हे अक्षर सामाईक आहे. त्याचा फायदा घेऊन कोणीतरी ते एकमेकांत अडकवले आणि मालिकेला नाव मिळालं '३८ सागिदोंगदे'. पथकही तेच आणि फसवणूकही तीच. इंग्रजीत हिला 'स्क्वॉड ३८' म्हणतात. २०१६च्या जून ते ऑगस्ट या काळात ओसीएन वाहिनीवर तिचे सोळा भाग दाखवले गेले. लेखक हान जोंग-हून, दिग्दर्शक हान दोंग-ह्वा.

नावातला ३८ मात्र विनोदासाठी आलेला नाही. दक्षिण कोरियाच्या राज्यघटनेचं ३८वं कलम सांगतं, की कायद्याने ठरवल्याप्रमाणे कर भरणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे. सोल महानगर प्रशासनाने २००१ साली मोठ्या थकबाकीदारांच्या मागे लागण्यासाठी एक खास पथक उभं केलं आणि त्याला या कलमाचाच आकडा दिला. मालिकेने तो आकडा उचलला आणि सोवोन नावाच्या काल्पनिक शहराच्या पालिकेत नेऊन ठेवला.

गोष्ट थोडक्यात अशी. बेक सोंग-इल हा करवसुली विभागातला मधल्या फळीतला अधिकारी. 'ट्रेन टू बुसान'मधला तो आडदांड, प्रेमळ नवरा ज्यांना आठवत असेल, त्यांना मा दोंग-सोक हा अभिनेता लगेच ओळखू येईल. इथे त्याचं तेच अंगापिंडाने मजबूत शरीर सरकारी खुर्चीत अवघडून बसलेलं असतं. कोट्यवधींचा कर बुडवणारा मा जिन-सोक त्याला उभं करत नाही, वर त्याचा अपमान करतो. त्याच सुमारास जुन्या गाडीच्या व्यवहारात यांग जोंग-दो नावाचा तरुण ठग (सो इन-गुक) खुद्द सोंग-इललाच गंडवतो. सोंग-इल त्याला शोधून काढतो, आणि पुढे कायद्याचे सगळे दरवाजे बंद झाल्यावर त्याच्याच दारात जातो. तू मला फसवलंस तसं त्याला फसव, आणि जे पैसे येतील ते त्याच्या नावाने कर म्हणून भरून टाकू.

मराठीत याला 'चोरावर मोर' म्हणतात, आणि मोर नाचायला लागला की प्रेक्षकाला मजा येतेच. खोटं ऑफिस, खोटे कागद, खोटी माणसं, जमिनीच्या व्यवहाराचा सापळा. एरवी ज्या गोष्टींची बातमी वाचून आपण हळहळतो, त्या इथे बघताना आपण टाळ्या वाजवतो. या टाळ्या कितपत रास्त आहेत, एवढाच माझा प्रश्न आहे.

आधी टाळ्यांच्या बाजूने जे म्हणता येईल ते पूर्ण म्हणू या. हा रॉबिन हूडचा प्रकार नाही. रॉबिन हूड स्वतःच ठरवतो, की श्रीमंताकडे जरुरीपेक्षा जास्त आहे. सोंग-इल असं काही ठरवत नाही. रक्कम कायद्याने ठरलेली आहे, नोटिसा गेलेल्या आहेत, मुदत उलटून गेलेली आहे. फसवून घेतलेला पैसा कोणाच्या खिशात जावा अशी त्याची इच्छा नाही. जिथे तो मुळात जायला हवा होता तिथेच तो जावा, एवढंच त्याला हवंय. शिवाय ज्याला फसवायचं तोही फसवूनच श्रीमंत राहिलेला आहे. घर बायकोच्या नावावर, कंपनी मेहुण्याच्या, खातं तिसऱ्याच कोणाच्या. कागदावर तो भणंग असतो. 'कर नाही त्याला डर कशाला' ही म्हण या माणसांनी शब्दशः घेतली आहे: नावावर करच बसत नाही, मग डर कसला?

हे फक्त मालिकेत घडतं असंही नाही. माजी लष्करशहा चुन दू-ह्वान यांना १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने २२० अब्ज वॉनहून अधिक रक्कम सरकारजमा करायला सांगितली. २००३ मध्ये त्यांनी न्यायालयात आपल्याकडे २ लाख ९० हजार वॉन असल्याचं सांगितलं. आजच्या हिशोबाने ते वीस हजार रुपयेही होत नाहीत. पुढे हा आकडा कोरियात विनोदाचा आणि संतापाचा विषय होऊन बसला. दुसरीकडे त्याच देशात मोटारीचा कर थकला, तर पालिकेची माणसं येऊन गाडीची नंबरप्लेट काढून नेतात. छोट्या थकबाकीदाराला पकडायला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो. मोठ्याची गाडी मात्र त्याच्या नावावरच नसते. सोंग-इलचा राग इथून येतो, आणि हा राग खोटा नाही.

आता त्याने निवडलेल्या साधनाकडे पाहू. ठकसेन आणि करवसुली अधिकारी दोघेही दुसऱ्याकडून पैसे घेतात, पण अगदी उलट पद्धतीने. करात तुमची त्या क्षणीची संमती विचारली जात नाही, मात्र सगळं उघड असतं: किती, कशाबद्दल, कोणत्या कायद्याखाली, दाद कुठे मागायची. ठकसेन तुमची संमती घेतो. तुम्ही हसतमुखाने, स्वतःच्या हाताने पैसे देता. फक्त कशाला संमती देत आहात ते तुमच्यापासून लपवलेलं असतं. एकाकडे सक्ती आहे पण लपवाछपवी नाही, दुसऱ्याकडे लपवाछपवी आहे पण सक्ती नाही. राज्यसंस्थेची सक्ती आपण सहन करतो ती ती उघड आहे म्हणूनच. सोंग-इलच्या योजनेत राज्य सक्ती सोडत नाही आणि वर लपवाछपवीही घेतं. ठगाने ठगाला फसवलं तर तो दोन ठगांचा हिशोब. अधिकाऱ्याने फसवलं तर सक्ती आणि लबाडी एकाच हातात येतात.

'शठं प्रति शाठ्यम्' हा वाद मराठी वाचकाला नवा नाही. १९२०च्या जानेवारीत 'यंग इंडिया'त टिळक आणि गांधी यांच्यात तो झाला. राजकारण हा साधूंचा प्रांत नाही, जशास तसं वागणं हीही धर्मसंमत रीत आहे, असा टिळकांचा रोख होता. शठाशीही सत्यानेच वागावं, ही गांधींची बाजू. पण त्या वादात एक गोष्ट गृहीत होती. शाठ्य करणारी प्रजा होती आणि समोर परकं, बलाढ्य सरकार होतं. इथे शाठ्य करणारा सरकारचा माणूस आहे. दुबळ्याच्या हातातलं शाठ्य आणि नोटीस काढू शकणाऱ्याच्या हातातलं शाठ्य यांना एकच माप लावता येणार नाही. टिळकांच्या बाजूने उभं राहिलं तरी सोंग-इलला आपोआप परवानगी मिळत नाही.

कांटने १७९५च्या शाश्वत शांततेवरील निबंधात एक साधी कसोटी दिली आहे. दुसऱ्यांच्या हक्कांना स्पर्श करणारी कृती ज्या तत्त्वावर आपण करतो, ते तत्त्व उघड जाहीर केलं तर ती कृती टिकेल का? टिकत नसेल तर ती अन्याय्य आहे. पालिकेच्या फलकावर लिहून पाहा: 'हट्टी थकबाकीदारांकडून आम्ही तोतयेगिरी करून कर वसूल करतो.' दुसऱ्या दिवशी सापळा निकामी होईल, पण एवढ्यावर भागणार नाही. ज्या लाखो माणसांनी कधीच काही बुडवलं नाही, तीही त्या दिवसापासून कर खात्याचं प्रत्येक पत्र संशयाने उघडतील. कोरियात २००६च्या सुमारास फोनवरून लुबाडण्याची लाट सुरू झाली. सुरुवातीच्या प्रकारांत ठग कर खात्याचे अधिकारी बनून 'तुमचा परतावा आलाय' असं सांगत असत. आपल्याकडेही परताव्याचे खोटे संदेश येतात. ठग सरकारी अधिकाऱ्याचं सोंग घेऊ शकतो, कारण अधिकाऱ्याच्या शब्दाला अजून किंमत आहे. अधिकारीच ठगाचं सोंग घेऊ लागला तर ती किंमत तो स्वतःच खर्च करतो, आणि ती त्याच्या एकट्याच्या मालकीची नसते.

३८व्या कलमाचा मजकूर इथे पुन्हा वाचण्यासारखा आहे. त्यात नुसतं 'कर भरा' असं म्हटलेलं नाही. 'कायद्याने ठरवल्याप्रमाणे' असंही म्हटलेलं आहे. कलम ५९ तर करांचे प्रकार आणि दर कायद्यानेच ठरतील असं बजावतं. कर्तव्य नागरिकाचं आहे आणि त्याच वाक्यात मर्यादा राज्याची आहे. सोंग-इल कलमाचा पहिला अर्धा भाग वसूल करतो आणि त्यासाठी दुसरा अर्धा भाग मोडतो. कर बुडवणारे नेमकं याच्या उलट करतात: कायद्याच्या शब्दाला चिकटून राहून कर्तव्य बुडवतात. दोघांच्याही हातात अर्धंच कलम राहतं.

म्हणून सोंग-इल वाईट माणूस ठरतो का? मला तसं वाटत नाही. मायकेल वॉल्झर यांनी १९७३ साली 'मळलेल्या हातां'वर एक गाजलेला निबंध लिहिला. सार्वजनिक कामात कधीकधी चांगल्या माणसाला वाईट कृत्य करावं लागतं, असं ते मानतात. पण हेतू चांगला होता म्हणून ते कृत्य चांगलं होत नाही, असंही म्हणतात. चांगल्या माणसाची खूण ही, की आपले हात मळले आहेत हे त्याला कळतं आणि त्याची किंमत मोजायला तो तयार असतो. मा दोंग-सोकच्या अभिनयातलं सगळ्यात मोलाचं हेच आहे. जोंग-दो सापळा रचताना खुलतो. सोंग-इल आखडतो, घामाघूम होतो, त्याला खोटं बोलायला जमत नाही. त्या अवघडलेपणात त्याची सचोटी शिल्लक आहे. ज्या दिवशी त्याला हे सहज जमू लागेल, त्या दिवशी त्याच्यात आणि मा जिन-सोकमध्ये फक्त खात्याचा क्रमांक वेगळा उरेल.

मग उघड मार्गाने काय होतं? तोही मार्ग कोरियाने चालून पाहिला आहे. १९९३ साली खोट्या नावाची बँकखाती बंद झाली. परस्परसंमतीने दुसऱ्याच्या नावावर पैसे ठेवण्याची वाट उरली होती, ती २०१४ मध्ये अरुंद केली गेली. २००४ पासून मोठ्या थकबाकीदारांची नावं जाहीर होतात. २०१३ साली चुन यांच्या प्रकरणातूनच कायदा बदलला: वसुलीची मुदत तीन वर्षांवरून दहा वर्षांवर गेली आणि नातेवाइकांकडे वळवलेल्या संपत्तीपर्यंत हात पोचू लागला. आणि डिसेंबर २०१८ मध्ये खऱ्याखुऱ्या ३८ पथकाची माणसं थकलेल्या स्थानिक करासाठी चुन यांच्या घरात गेली. टीव्ही, फ्रिज, काही फर्निचर, दोन चित्रं यांवर जप्तीच्या चिठ्ठ्या लावून परत आली. मालिकेशी तुलना केली तर हा प्रसंग हास्यास्पद वाटतो. पण त्या चिठ्ठीवर खात्याचं नाव असतं, आणि ती चूक असेल तर तिच्याविरुद्ध दाद मागता येते. ठगाच्या सापळ्याविरुद्ध अशी दाद मागता येत नाही, आणि उद्या त्या सापळ्यात चुकीचा माणूस अडकला तर त्यालाही ती मागता येणार नाही.

या सचोटीचा खर्चही मांडायला हवा. चुन २०२१ साली गेले तेव्हा सरकारजमा व्हायच्या रकमेपैकी ९५ अब्ज वॉनहून अधिक वसूल व्हायचेच होते. जोंग-दोने ते बहुधा सोळा भागांत काढले असते. २०२४ मध्ये जपानने या मालिकेवरून चित्रपट केला, म्हणजे ही भूक एका देशापुरती नाही. जिथे कायदा हळू चालतो आणि लबाड गाडीतून जातो, तिथे प्रेक्षक ठगाच्या बाजूने उभा राहणारच. त्याला नीती शिकवून ते थांबणार नाही. कायदा करणाऱ्यांनी या टाळ्या आपल्यावरची टीका म्हणून ऐकाव्यात, आणि उरलेले ९५ अब्ज कसे वसूल होणार होते ते उघडपणे सांगावं.