एक्याण्णवावे स्तोत्र

आमच्या घरी दिवाळीचा फराळ नेहमी दुसऱ्यांच्या घरून येतो, आणि नाताळात आमच्या करंज्या गल्लीभर जातात. जळगावच्या ज्या गल्लीत मी शिक्षकी संपवून राहायला आलो, तिथे ख्रिस्ती बिऱ्हाड आमचे एकटेच. ताटावरचे रुमाल कुणाचे कुठे गेले याचा हिशेब कधी लागला नाही. अशा शेजारात राहणाऱ्या माणसाला पुढची हकीकत सांगताना संकोच वाटतो. पण सणाच्या दिवशी घरच्यांपाशी मन मोकळे करावे, तसे हे करतो आहे.

2020 सालची गोष्ट. मार्चच्या 25 तारखेपासून सारा देश दारे लावून बसला. 10 एप्रिलचा उत्तम शुक्रवार गेला, 12 तारखेचा पुनरुत्थानदिन गेला. आमच्या मंदिराचे कुलूप निघाले नाही. माझ्या आयुष्यात असे प्रथमच घडत होते. मोबाईलवर मात्र दिवसातून दहादा एक्याण्णवावे स्तोत्र येई. ज्यांनी पवित्र शास्त्र कधी उघडलेले नाही त्यांनाही या स्तोत्राचा आशय आवडेल. रात्रीचे भय आणि मरी यांची नावे घेऊन ते माणसाला देवाच्या पंखाखाली बोलावते. मी ते सकाळ-संध्याकाळ मोठ्याने वाचत असे. वाचताना आवाज चांगला लागे, हेही कबूल करतो.

मेअखेर एका रात्री समोरच्या नानांना धाप लागली. नाना म्हणजे यावलकडचे केळीचे जुने व्यापारी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. त्यांची मुले पुण्याला. वहिनींनी ओट्यावर येऊन हाक मारली, "मास्तर, अहो मास्तर, जागे आहात का?" मी जागा होतो. स्तोत्राचे पुस्तक हातातच होते. मी उठलो, खिडकीतला दिवा मालवला आणि अंधारात उभा राहिलो. कोपऱ्यावरचा, केळीच्या गाड्या भरणारा एक पोरगा धावत आला, कुठूनशी रिक्षा आणली आणि नानांना घेऊन गेला. रिक्षाचा आवाज ऐकू येईनासा झाल्यावर मी पुन्हा पुस्तक उघडले. पण मला वाचता येईना.

वाचकहो, समर्थन माझ्यापाशी पुष्कळ होते. माझे वय अडुसष्ट. घराबाहेर पडू नका, असे सरकारच सांगत होते. आणि इतिहासही माझ्या बाजूने काही बोलतो. 1527 साली जर्मनीतल्या विटेनबर्ग शहरात प्लेग आला, तेव्हा मार्टिन ल्यूथरला एका दूरच्या धर्मगुरूने विचारले होते, की ख्रिस्ती माणसाने मरीपुढून पळावे की नाही? ल्यूथर स्वतः शहर सोडून गेला नाही, घरात रोगी ठेवून राहिला. पण उत्तरात त्याने पळणाऱ्याला सरसकट पापी ठरविले नाही. औषध घ्या, घराला धुरी द्या, गरज नसेल तिथे जाऊ नका, असेच तो लिहितो. देवावर भरवसा आहे म्हणून बेफिकीर हिंडणे हा त्याच्या लेखी गुन्हाच. मात्र त्याने एक अट घातली. ज्याचा भार आपल्यावर आहे, किंवा ज्याला आपल्यावाचून दुसरे कोणी नाही, त्याला टाकून जाता येत नाही. हे पत्र वाचले तेव्हा माझी सुटका होता होता राहिली. मी रिक्षात बसलो नाही, हा कदाचित दोष नसेल. "वहिनी, जागा आहे, फोन करतो," एवढे खिडकीतून ओरडायला कोणत्या नियमाची आडकाठी होती?

माझे भिणे मला फारसे सलत नाही. ज्याला आम्ही प्रभू म्हणतो, तोही मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत घाबरा झाला होता, आणि हा प्याला टळावा म्हणून त्याने विनवणी केली होती. शुभवर्तमानाने ते झाकून ठेवलेले नाही. 1932 साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. ती गीतादेखील धनुष्य गळून बसलेल्या माणसापासूनच सुरू होते. माणूस खचला म्हणून त्याची श्रद्धा गेली, असे दोन्हीकडे कुणी म्हणत नाही.

सलते ते निराळेच. एक्याण्णवाव्या स्तोत्राचा आधार शुभवर्तमानात कोण घेतो, हे मला इतक्या वर्षांत कधी टोचले नव्हते. मत्तय आणि लूक दोघेही सांगतात, की सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावर नेले आणि याच स्तोत्रातला देवदूतांचा हवाला देऊन उडी टाकायला सांगितले. तुला काही होणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे! शब्द पवित्र शास्त्रातलेच होते, फक्त ते स्वतःच्या जिवापुरते लावायचे होते. मीही महिनाभर तेच करीत होतो. आमचा सूर तेवढा भक्तीचा होता.

मला हे स्तोत्र शिकविले माझ्या आजीने. छपन्नाच्या दुष्काळात, म्हणजे 1900 साली, खानदेशात माणसे आणि गुरे सारखीच मरत होती, तेव्हा सहा वर्षांची ही पोर एका मिशनच्या अनाथाश्रमात आली. भाकरीसाठी बाटलेली, असे तिला कुणी म्हटले की ती चिडत नसे. "हो, भाकरीसाठीच आले," म्हणे, "पण पोट भरल्यावरही राहिले ना?" पुढे ती दवाखान्यात आयाचे काम करी. पटकीचा रोगी असो, विषमज्वराचा असो, त्याच्या उशाशी बसून ती हे स्तोत्र म्हणे. घरी आम्हा पोरांना ताप आला तरच घरात ते ऐकू येई. स्वतःच्या आजारात तिने ते म्हटल्याचे मला आठवत नाही. लहानपणी याचे कारण मी विचारले नाही, आणि विचारायला हवे होते हे कळायला सत्तरी गाठावी लागली.

आजीच्या काळी असे वागणे विशेष मानले जात नसावे. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर रेव्हरंड टिळकांनी बालकवींना आपल्या नगरच्या घरी ठेवून घेतले. त्या घरच्या लक्ष्मीबाई प्लेगच्या दिवसांत रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे, की स्वतःची फजिती सांगताना ही बाई आडपडदा ठेवीत नाही. तिच्यामुळेच मला आज एवढे लिहायचा धीर झाला.

आणि मी दुसऱ्याकडून काय घेतले होते, तेही सांगायला हवे. 1998 च्या नाताळात नवापूरच्या पलीकडे, डांगमध्ये, प्रार्थनामंदिरे जाळली गेली. मी तेव्हा धुळ्यास होतो. आमच्यावर कुणी बोटही उचलले नव्हते. तरी त्या वर्षी दारावर चांदणी लावायची नाही, असे आम्ही नवरा-बायकोने कुजबुजून ठरविले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या ताई विचारायला आल्या, "सर, चांदणी कुठे आहे यंदा?" मी वायर खराब झाल्याचे खोटेच सांगितले. संध्याकाळी त्यांचे यजमान दिवाळीच्या आकाशकंदिलाची वायर आणि दिवा घेऊन आले, स्टुलावर चढले, आणि आमची चांदणी त्यांनी टांगली. भीतीचा शब्द ना त्यांनी काढला, ना मी.

नाना सतरा दिवसांनी घरी आले. त्या दिवाळीत, नोव्हेंबरात, पहिल्यांदा कुणाकडे जावेसे वाटले तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. सारे सांगून टाकावे असे घरून ठरवून निघालो होतो. "नाना, त्या रात्री..." एवढेच बोललो.

"ठाऊक आहे मास्तर," नाना म्हणाले. "तुमच्या खिडकीत दिवा होता. तो मालवलेला मला ओट्यावरून दिसला."

मला पुढे बोलवेना. नानांनी ताट माझ्याकडे सरकवले. चकल्या यंदा जरा तिखट झाल्या आहेत, असे वहिनी आतून म्हणाल्या.